पुरणपोळी, अमोनिया आणि एक वही: सौम्य मेटाबॉलिक आजार असलेल्या मुलांचं डोकं आणि वागणं कसं सांभाळायचं

होळीला आजीच्या आग्रहाखातर आमच्या लेकीने तीन पुरणपोळ्या हाणल्या, वर मोठा ग्लासभर दूध, आणि धुळवडीच्या सकाळी ती खाली रंग खेळायला गेलीच नाही. सोफ्यावर पडून राहिली, डोकं दुखतंय म्हणाली, एक उलटी झाली आणि काय होतंय विचारलं तर अंगावर ओरडली. सासूबाई म्हणाल्या ऊन लागलं असेल. मी म्हटलं नखरे. दुसऱ्या दिवशी गणिताची युनिट टेस्ट, वीसपैकी चार, आणि बाईंनी डायरीत लाल पेनाने लिहून पाठवलं, "लक्ष कुठे असतं हिचं?" आठ दिवसांनी तीच गणितं घरी घातली तर सटासट सोडवून मोकळी.

असं दोन वर्षं चाललं. कुणी एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा त्रास) म्हणालं, कुणी म्हणालं एकुलती एक आहे, लाडावलीय. शेवटी कळलं ते असं की ओटीसी नावाचं एक एन्झाइम तिच्यात जन्मापासून अर्धवट चालतं. प्रोटीन खाल्लं की शरीरात अमोनिया तयार होतो, त्याचा युरिया करून बाहेर टाकायचं काम जे एन्झाइम करतात त्यातलं हे एक. तिचं काम हळू, म्हणजे जास्त प्रोटीन किंवा ताप आला की अमोनिया तुंबतो आणि तो थेट डोक्यावर चढतो. खाल्लेलं मोडण्या-वापरण्याच्या कामातल्या अशा जन्मजात दोषांनाच मेटाबॉलिक आजार म्हणतात.

मी डॉक्टर नाही, ऐरोलीत राहणारी नोकरी करणारी आई आहे, पण या दोन-तीन वर्षांत जे शिकले ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर पोरीच्या पाठीत घातलेले दोन-चार धपाटे तरी वाचले असते. म्हणून लिहितेय.

आधी 'सौम्य' म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण सगळा घोळ त्याच शब्दात आहे. घोडबंदर रोडला गायमुख घाटात एक लेन बंद असली तर रात्री दोनला तुम्हाला कळतही नाही, गाडी सुसाट निघते, पण सकाळी नऊला तीच एक लेन बंद म्हणजे फाउंटन हॉटेलपर्यंत रांग. सौम्य मेटाबॉलिक आजार अगदी तसाच असतो. एन्झाइम थोडं चालतंय त्यामुळे रोजच्या वरणभातावर पोरगं मस्त असतं, खेळतं, पहिल्या पाचात पण येतं, आणि मग लग्नाचं जेवण, व्हायरल ताप, उपवास, रात्रीचा प्रवास, असा काही लोड आला की जॅम. जॅम सुटला की परत नॉर्मल. म्हणून डॉक्टरकडे नेता तेव्हा पोरगं हसतखेळत असतं आणि रिपोर्टही नॉर्मल येतो आणि आई उगाच घाबरते अशी तुमची ख्याती होते.

प्रत्येक आजाराची तऱ्हा वेगळी. पीकेयू म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया, त्यात फिनाइलअलानिन नावाचं अमिनो अॅसिड (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक) रक्तात साठतं. मेंदूत शिरायचं दार या सगळ्या मोठ्या अमिनो अॅसिडना एकच, आणि ठाण्याला सकाळच्या फास्टला दारातच उभे राहणारे जसे बाकीच्यांना आत चढू देत नाहीत तसं हे फिनाइलअलानिन टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनला आत येऊ देत नाही. टायरोसिनपासून डोपामिन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. मग लक्ष टिकत नाही, एक काम सोडून दुसरं धरायला वेळ लागतो, चिडचिड, टेन्शन. फिनाइलअलानिन रक्तात लिटरला साधारण १२० मायक्रोमोलच्या खाली नॉर्मल धरतात, ३६० च्या वर गेलं की बहुतेक डॉक्टर डाएट सुरू करतात, मधल्यांवर नुसतं लक्ष ठेवतात. या आजाराचा शोध पण एका आईच्या चिवटपणामुळे लागला बरं का. १९३४ मध्ये नॉर्वेत दोन मतिमंद मुलांची आई डॉक्टर मागून डॉक्टर पालथे घालत होती, मुलांच्या अंगाला विचित्र वास का येतो हे तिला कुणी सांगत नव्हतं, शेवटी फोलिंग नावाच्या डॉक्टरने लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. तेव्हा 'आईला काय कळतं' म्हणणाऱ्यांना हा किस्सा ऐकवायचा.

बाकीचे थोडक्यात. बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम कमी असेल तर केस गळणं, अंगावर चट्टे, फिट्स, कधी ऐकू कमी येणं, आणि यावर उपाय म्हणजे बायोटिनची साधी गोळी, जी कितीही वेळा सांगितलं तरी लोकांना खोटी वाटते. एमएसयूडी म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज, काही अमिनो अॅसिड मोडत नाहीत तो, त्याचा अधूनमधून उठणारा प्रकार असतो, त्यात एरवी पोरगं ठणठणीत आणि ताप आला की झोकांड्या खातं, बरळतं. होमोसिस्टिन्युरियात रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो अॅसिड साठतं, त्यात उंच शिडशिडीत अंगकाठी, लहान वयात मोठा चष्मा, डोळ्यातलं भिंग सरकणं आणि अभ्यासात मागे पडणं असं एकत्र दिसू शकतं. आणि विल्सन्स डिसीज, त्यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं. सहावी-सातवीपर्यंत छान अक्षर असलेल्या मुलाचं अक्षर अचानक बिघडायला लागलं, बोलणं जड झालं, लाळ गळते, स्वभाव बदलला, मागे कधी कावीळ झाली होती, तर त्याला 'वयात आलाय' म्हणून सोडू नका, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी करायला सांगा. वेळेत पकडला तर औषधावर राहतो.

आता थोडं थंड पाणी ओतते. वर्गात लक्ष न देणाऱ्या बहुतेक मुलांना यातलं काहीही नसतं. आधी साध्या गोष्टी बघा: डोळे, कान, झोप, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२. आपल्या शाकाहारी घरांत बी१२ ची बोंब इतकी आहे की त्यानेच होमोसिस्टीन वाढतं आणि रिपोर्ट बघून एखाद्याला अनुवंशिक आजार वाटावा. हे सगळं क्लिअर झालं आणि तरी वागण्याचा काहीतरी पॅटर्न दिसतोय, तेव्हा पुढचं.

तर पॅटर्न. साधी शंभर पानी वही घ्या, मोबाईल अॅप नको, अॅप दोन दिवसांत बंद होतं. रोज लिहायचं ते इतकंच की काय खाल्लं आणि किती वाजता, शेवटचं खाणं ते सकाळचं पहिलं खाणं यात किती तास गेले, ताप-सर्दी-उलटी, झोप, पाळी सुरू झालेली मुलगी असेल तर तारीख, आणि वागणं. वागणं लिहिताना 'चिडचिड केली' असं लिहू नका, काय केलं ते लिहा. आमच्या वहीतलं एक पान असं आहे: "रविवार, कळव्याला आजीकडे, दुपारी अंडाकरी दोन अंडी, संध्याकाळी पनीर टिक्का चार तुकडे. सोमवार स. ६:४५ उठायला तयार नाही, बुटाची लेस बांधता येईना म्हणून बूट फेकला. दूध नको. स. ११ शाळेतून फोन, डोकं दुखतंय. रात्री ८ शांत, स्वतःहून भात मागितला. मंगळवार ओके." तो लेसचा तपशील मी सहज लिहिला होता, पण डॉक्टरांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं कारण एरवी ती लेस डोळे मिटून बांधते.

आणि एक युक्ती, माझी मलाच सुचली. रोज संध्याकाळी त्याच वेळी तेच छोटं काम करायला द्या. आम्ही १३ चा पाढा घेतला. मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं, सेकंद लिहायचे. पाठ झालेली गोष्ट असल्यामुळे येतं की नाही हा प्रश्न नसतो, फक्त डोकं किती चपळ चाललंय ते कळतं. चांगल्या दिवशी अकरा-बारा सेकंद, वाईट दिवशी तेरा सत्तेला येऊन अडकायची, एकदा तर चाळीस सेकंद आणि शेवटी रडं. तीन आठवड्यांच्या आकड्यांशेजारी जेवण ठेवलं तेव्हा मला स्वतःला घाम फुटला. शुद्धलेखनाच्या पाच ओळी पण चालतील, अक्षर बरंच काही सांगतं.

वहीसोबत घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, आणि हे नीट बसून, चहा घेत विचारा, नाहीतर त्या सांगत नाहीत. माझ्या आईचं पहिलं बाळ मुलगा होता, मला हे माहीतही नव्हतं, चौथ्या दिवशी दूध ओढेना, सुस्त पडला आणि पाचवी पुजायच्या आत गेला. गावात म्हणाले सटवाईने लिहिलंच नव्हतं. ओटीसीचा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, मुलग्याकडे एक्स एकच त्यामुळे त्याला जोरात लागतो आणि पहिल्या आठवड्यातच असं होऊ शकतं, मुलींकडे दोन एक्स म्हणून त्या बहुतेक निभावतात, कुणी पूर्ण निरोगी, कुणी आमच्यासारखी. घरात दगावलेली बाळं, 'हिला डाळ-दूध कधी आवडलंच नाही' अशा आत्या-मावश्या, लग्नाच्या जेवणानंतर डोकं धरून झोपणाऱ्या बायका, हे सगळं लिहून घ्या. बाकीचे बरेचसे आजार दोन्हीकडून दोष आला तरच होतात, आई-बाप दोघांकडे दोष असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहे तिथे ती गाठ पडायचा चान्स वाढतो. डॉक्टर विचारतील तेव्हा लाजू नका.

डॉक्टरांकडे जाताना आधी तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरकडे वही घेऊन जा आणि मेटाबॉलिक किंवा जेनेटिक ओपीडीची चिठ्ठी मागा. आपल्याला परळ सोयीचं, ऐरोलीहून ठाणे आणि तिथून स्लो गाडी. तिथलं केईएम हॉस्पिटल हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, यादीतल्या आजारांना त्यातून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. बाजूलाच वाडिया हे मुलांचं हॉस्पिटल आहे. मूल महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत असेल तर आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तेही पुढे पाठवू शकतात.

टेस्टबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. कागदावर रक्ताचे थेंब घेऊन करतात ती टीएमएस, आणि लघवीची जीसीएमएस, या चाळणी टेस्ट आहेत, सौम्य आजारात पोरगं बरं असताना त्या नॉर्मल येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवा की पुढच्या वेळी आजारी पडली तर लगेच काय काय घ्यायचं. दुसरी अमोनियाची टेस्ट. ही टेस्ट नाजूक, रक्त लगेच बर्फात ठेवून लॅबला न्यावं लागतं, दंडाला पट्टा करकचून बांधला, पोरगं हातपाय झाडत रडलं किंवा नमुना टेबलावर पडून राहिला की आकडा खोटा वाढतो. आमचा पहिला नमुना जवळच्या एका हॉस्पिटलात पाऊण तास ट्रेमध्ये तसाच पडून होता, मी समोर बसून बघत होते, तोंडातून शब्द काढला नाही कारण मला माहीतच नव्हतं. आता मी सिस्टरना विचारते, "बर्फ आहे ना?" त्या वैतागतात, वैतागू देत. पक्कं निदान शेवटी जीनच्या टेस्टने होतं.

आणि टेस्ट होईपर्यंत आपल्या मनाने डाळ-दूध बंद करू नका. हे ठळक अक्षरात वाचा. एक तर रिपोर्ट फसतो, आणि वाढत्या वयात प्रोटीन एकदम तोडलं तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं आणि त्यातूनही अमोनियाच वाढतो. किती ग्रॅम ते डाएटिशियन वजनावरून ठरवते आणि दर काही महिन्यांनी बदलते.

निदानानंतरचं स्वयंपाकघर म्हणजे काटा आणि हिशोब. सोपं करून सांगते: कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात पंचविसेक, गव्हाच्या पिठात ११-१२, तांदळात सातेक, बटाट्यात दोनच्या आत, साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे साबुदाण्याची खिचडी आपल्यासाठी वरदान, पण खिचडी म्हटलं की मूठभर दाण्याचं कूट आलंच, आणि तिथेच घात. आम्ही कुटाऐवजी ओलं खोबरं आणि बटाटा जास्त घालतो, सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं ही काय खिचडी, गोंद आहे नुसता," आता त्याच करून डब्यात पाठवतात. पीकेयूवाल्यांनी शुगरफ्री गोळ्या आणि डाएट कोलाची लेबलं पण वाचायची, त्यातल्या अस्पार्टेममधून फिनाइलअलानिन येतं. आणि नातेवाईकांनी प्रेमाने आणलेला प्रोटीन पावडरचा डबा हसून घ्यायचा आणि वॉचमनच्या मुलाला द्यायचा.

उपवास मुलांना नकोच. हौसेने केलेली एकादशी पण नको, कारण बऱ्याच आजारांत उपाशी राहणं हाच ट्रिगर असतो. रात्री झोपताना काहीतरी पिठूळ खायला द्या आणि सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या तासात काहीतरी पोटात जाऊ द्या.

ताप आला की वेगळे नियम. तुमच्या डॉक्टरांकडून एका पानाचं इमर्जन्सी पत्र घ्या, आजाराचं नाव, काय द्यायचं, काय द्यायचं नाही, कुणाला फोन करायचा. ओटीसीत फिट्सचं व्हॅल्प्रोएट हे औषध चालत नाही, स्टेरॉइड जपून, हे कॅज्युअल्टीतल्या नवीन डॉक्टरला रात्री दोनला पाठ असेलच असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं त्या एक-दोन दिवसांपुरतं प्रोटीन कमी आणि गोड पाणी-पेज थोड्या थोड्या वेळाने. पण उलट्या थांबत नसतील, पोरगं जास्त झोपाळू झालं, भलतंच बोलतंय, चालताना झोक जातोय, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी, आणि तिथे स्वतः म्हणायचं की शुगर आणि अमोनिया आत्ता बघा. पत्र लॅमिनेट करून दप्तरात, एक कॉपी स्कूल व्हॅनच्या काकांकडे. सोबत ग्लुकोजची पुडी आणि चार बिस्किटं. २६ जुलै २००५ ला किती पोरं रात्रभर शाळेत आणि बसमध्ये अडकली होती ते आठवा, दर पावसाळ्यात पुडीची तारीख बघून बदलायची. आमचे व्हॅनकाका भले माणूस, त्यांनी ते पत्र गणपतीच्या फोटोमागे अडकवलंय, "ताई, हितं असलं की इसरणार नाही."

शाळेत काय सांगायचं? आजाराचं लांबलचक नाव सांगू नका, बाई घाबरतात आणि मग पोरीला खेळूही देत नाहीत. मी एवढंच सांगितलं: डबा संपव म्हणून जबरदस्ती नको, दुसऱ्याच्या डब्यातलं नको, डोकं दुखतं म्हणाली तर बिस्किट देऊन दहा मिनिटांत मला फोन, आणि तापातून उठल्यावर पहिले तीन-चार दिवस टेस्ट घेऊ नका, घेतलीत तर ते मार्क तिचे नाहीत, तापाचे आहेत. अर्ध्या शिक्षकांना पटतं. उरलेल्यांना दर वर्षी जूनमध्ये नव्याने सांगायचं.

मानसशास्त्रीय टेस्टिंगला नेलंत तर नुसता एक आयक्यूचा आकडा लिहिलेला कागद घेऊन घरी येऊ नका. बऱ्याच ठिकाणी बिने-कामत किंवा मिसिक ही बुद्धिमापन चाचणी लावतात. मिसिकमध्ये अंक लक्षात ठेवणं, खुणा भराभर उतरवणं असे वेगवेगळे भाग असतात, त्यांचे मार्क वेगळे मागा. सौम्य आजारात एकूण बुद्धी बहुतेकदा ठीक असते, मार बसतो तो वेगावर, लक्ष टिकवण्यावर, आणि तीन पायऱ्यांचं काम ओळीने करण्यावर. ते कागदावर आलं की शाळेशी, नंतर बोर्डाशी जास्तीच्या वेळेबद्दल बोलता येतं. टेस्ट पोरगं बरं असताना, पोट भरलेलं असताना, आणि घरी जी भाषा बोलतं त्या भाषेत. नवी मुंबईवाल्यांसाठी वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी, तिथेही चौकशी करा.

राहता राहिलं रोजचं वागणं. आमचा घरचा नियम असा की राडा झाला की आधी बघायचं शेवटचं कधी आणि काय खाल्लं, कपाळ गरम आहे का, मग पेज किंवा बिस्किट, मग वीस मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, आणि त्यानंतर जो काही हिशोब करायचा तो करायचा. सूचना एका वेळी एकच, "दप्तर भर आणि पाणी घे आणि सॉक्स शोध" असं तिन्ही एकदम सांगितलं की वाईट दिवशी ती जागेवर उभीच राहते. पण आजार आहे म्हणून सगळं माफ नाही. आमची बया चौथीत गेल्यावर शिकली, गणिताचा गृहपाठ काढला की कपाळावर हात, "आई, माझं अमोनिया झालंय." मी स्टॉपवॉच काढलं. १३ चा पाढा, अकरा सेकंद. म्हटलं, "बस, काढ वही."

माझी जीन टेस्ट पण झाली, दोष माझ्याकडूनच आलाय. लहानपणी मी वरणाची वाटी खिडकीतून मांजरीला घालायचे, त्यासाठी आईचा मार खाल्लाय. आईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे माझं दूध बाधलं नव्हतं तर त्याला." पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीची टेस्ट आहे, तिला दिवस जायच्या आत करून घेतोय, बाळंतपणानंतरच्या दिवसांत अशा बायकांचाही अमोनिया चढू शकतो असं ओपीडीत सांगितलंय.